गाठ आहे, पण कसली? : मेंदूतली गाठ ओळखण्याचा इतिहास, वऱ्हाडातून पाहताना



मागच्या दोन व्याख्यानांत आपण प्रमाणांचा विचार केला. प्रत्यक्ष कशाला म्हणायचं, अनुमान कुठे टिकतं आणि कुठे घसरतं, हे न्यायदर्शनाच्या आधाराने पाहिलं. तेव्हा काही श्रोत्यांनी विचारलं, की सर, हे सगळं धूर आणि अग्नी यांच्यापुढे कधी जाणार आहे की नाही? प्रश्न रास्त होता. म्हणून आज आपण डोंगरावरचा धूर सोडून माणसाच्या डोक्यात शिरणार आहोत. मेंदूत गाठ आहे एवढं कळल्यावर ती कसली आहे हे माणूस कसं ओळखत आला, त्याचा हा इतिहास आहे.

आता तत्त्वज्ञानाच्या मास्तराचा या विषयाशी काय संबंध, असंही कोणी विचारेल. संबंध एवढाच, की आमच्या नावामागे ‘डॉ.’ लागलेलं आहे आणि अमरावतीच्या आसपासच्या खेड्यांत त्याचा एकच अर्थ होतो. दर्यापूरकडचे, चांदूरबाजारकडचे लोक मोठा पिवळा लिफाफा घेऊन दारात उभे राहतात. “पाहून सांगा जी, काय लिवलं हाय याच्यात.” आम्ही त्यांना समजावतो की आमची डॉक्टरी वेगळी. पण रिपोर्टातली इंग्रजी वाक्यं वाचून दाखवायला काय हरकत आहे? ती वाचता वाचता लक्षात आलं, की ही भाषा आपल्या ओळखीची आहे. ‘अमुक असण्याची शक्यता अधिक, तमुक नाकारता येत नाही, इतर लक्षणांशी जुळवून पाहावे.’ अहो, हे तर अनुमानखंडच झालं!

आपल्याकडे ‘गाठ’ हा शब्द मोठा घातक आहे. लग्नाची गाठ, मनातली गाठ, पदराची गाठ, आणि डोक्यातली गाठ. एकदा ‘डोक्यात गाठ निंघाली’ म्हटलं की घरात रडारड सुरू होते, शेताचा सातबारा बाहेर निघतो, कोणी तरी देवऋषाकडे धावतं. पण या एका शब्दाखाली निदान पाच निरनिराळी माणसं पाच निरनिराळ्या नशिबांसह उभी असतात. एकाला ग्लायोमा आहे, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींतून उगवलेली गाठ. तिचाही एक प्रकार वर्षानुवर्षं मुकाट राहणारा आणि दुसरा काही महिन्यांत माणूस नेणारा. दुसऱ्याला मेनिंजिओमा, मेंदूच्या आवरणाची गाठ, बहुतेक वेळा साधी आणि काढून टाकण्यासारखी. तिसऱ्याला फुप्फुसातल्या किंवा स्तनातल्या कॅन्सरची मेंदूत पोचलेली फांदी. चौथ्याला क्षयाची गाठ, ट्यूबरक्युलोमा, जी गोळ्यांनी विरघळते. पाचव्याला जंताच्या अंड्यातून निघालेली अळी पोटातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाऊन झालेली बारीक गाठ, जी पुष्कळदा आपली आपणच सुकते. आणि हे पाचही जण दवाखान्यात येतात ते एकच तक्रार घेऊन: डोकं दुखतं, किंवा फिट आली.

पाचांचं लक्षण एक आणि उपाय पाच. चुकीच्या माणसाला चुकीचा उपाय दिला तर काय होईल, हे सांगायला नको.

सुरुवात कुठून करायची? चरकाने रोग जाणण्याचे मार्ग सांगितले ते तीन: आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान. विमानस्थानात हा विचार येतो. तिथली एक गोष्ट आम्हाला फार आवडते. वैद्याने सगळं इंद्रियांनी तपासावं, पण रुग्णाच्या मुखाची चव मात्र चाखून पाहता येत नाही, ती विचारून घ्यावी. म्हणजे प्रत्यक्षाची सीमा कुठे संपते हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. मेंदूची सीमा तर त्याहून कठीण. कवटी हे निसर्गाने लावलेलं कुलूप. माणूस जिवंत असेतो आत पाहण्याची सोय नाही.

म्हणून पहिली शंभरेक वर्षं सगळा खेळ अनुमानाचा. २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली या शल्यचिकित्सकाने एका तरुण शेतकऱ्याच्या मेंदूतली गाठ काढली. गाठ कुठे आहे हे सांगितलं होतं ह्यूज बेनेट या डॉक्टरने, आणि ते कोणत्याही चित्राशिवाय. रुग्णाच्या डाव्या हाताला झटके येत आणि त्याची ताकद जात चालली होती, यावरून उजव्या मेंदूच्या अमुक पट्ट्यात गाठ असली पाहिजे, असं त्याने मांडलं. कवटी उघडली, आणि गाठ तिथेच निघाली. अनुमानाचा केवढा विजय! रुग्ण मात्र जंतुसंसर्गाने महिन्याभरात गेला. आणि लक्षात घ्या, बेनेटने जागा सांगितली होती. गाठीचा प्रकार, तो ग्लायोमा आहे हे, बाहेर काढून पाहिल्यावरच कळलं. ‘कुठे’ आणि ‘कसली’ हे दोन प्रश्न निराळे आहेत, आणि पुढचा सगळा इतिहास पहिल्या प्रश्नाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा आहे.

१८९५ साली रोंटगेनने क्ष-किरण शोधले. लोकांना वाटलं, आता कवटी पारदर्शक झाली. झालं भलतंच. क्ष-किरणांना हाड दिसतं, मेंदू दिसत नाही. मग डॉक्टरांनी एक युक्ती काढली, आणि इथे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने कान टवकारावेत. मेंदूच्या मधोमध पिनियल नावाची एक ग्रंथी आहे, वाटाण्याहूनही लहान. सतराव्या शतकात देकार्तने आत्म्याचं मुख्य आसन हेच, असं सांगितलं होतं. आत्मा तिथे सापडला नाही. पण मोठ्या माणसांत त्या ग्रंथीत चुनखडी साचते आणि ती क्ष-किरणांत ठिपक्यासारखी दिसते. नॅफझिगर या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९२५ मध्ये मांडलं, की हा ठिपका मध्यरेषेवरून एका बाजूला सरकलेला दिसला तर दुसऱ्या बाजूला काहीतरी वाढतंय असं समजावं. देकार्तचं आत्म्याचं घर जरा सरकलं, की शेजारी गाठ! गाठ दिसत नाही, गाठीने ढकललेला शेजारी दिसतो.

याच काळात वॉल्टर डँडीने १९१८-१९ मध्ये मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून फोटो काढायला सुरुवात केली. पाठीच्या कण्यातून पाणी काढायचं, हवा सोडायची, रुग्णाला उलटसुलट करायचं. डोकेदुखी आणि ओकाऱ्यांनी माणूस बेजार व्हायचा. पोर्तुगालच्या एगास मोनिझने १९२७ मध्ये मानेतल्या रोहिणीत औषध टोचून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा फोटो घेतला. त्याला पुढे नोबेल मिळालं ते या चांगल्या कामासाठी नव्हे, तर मेंदूचा तुकडा तोडून वेड बरं करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी, जी आज कोणी करत नाही. पुरस्कार समित्यांचं अनुमानही घसरतं.

पण मोनिझच्या फोटोने ‘कसली’ या प्रश्नाला पहिल्यांदा हात घातला. काही गाठींत रक्तवाहिन्यांचं वेडंवाकडं जाळं दिसे, काहींत एकसारखी लाली, काहींत काहीच नाही. त्याआधी एकच वर्ष, १९२६ मध्ये, बेली आणि कुशिंग यांनी ग्लायोमांचं पेशींवरून वर्गीकरण केलं होतं. म्हणजे नावांची यादी तयार झाली होती. आता जिवंत माणसात यादीतलं नाव ओळखायचं होतं.

इथवरची कथा पश्चिमेची आहे. आपल्याकडे यायचं तर एक गुंता समोर येतो, आणि आमच्या मते या विषयाचा गाभा तोच आहे.

पाश्चात्त्य पुस्तकांत मेंदूतली गाठ म्हणजे मुख्यतः ग्लायोमा, मेनिंजिओमा, नाहीतर दुसरीकडून आलेला कॅन्सर. भारतात तसं नव्हतं. १९५०-६० च्या दशकांतल्या भारतीय रुग्णालयांच्या काही नोंदींत, मेंदूत जागा अडवणाऱ्या गाठींपैकी पाचात एक किंवा त्याहून जास्त गाठी क्षयाच्या निघत. मुंबईचे एच. एम. दस्तूर आणि ए. डी. देसाई यांनी १९६५ मध्ये ‘ब्रेन’ या ब्रिटिश नियतकालिकात एक लेख लिहिला. पद्धत साधी आणि करारी. क्षयाच्या गाठींचे १०७ रुग्ण आणि ग्लायोमाचे १०७ रुग्ण समोरासमोर मांडले आणि विचारलं, की कवटी उघडण्याआधी या दोघांत फरक करता येईल का? आपल्या मुंबईत, स्कॅनचं नावही नसताना, हा प्रश्न इतक्या स्वच्छपणे विचारला गेला याचा आम्हाला अभिमान वाटतो. त्यामागे तातडी होती. आयसोनियाझिड १९५२ मध्ये आलं होतं, स्ट्रेप्टोमायसिन त्याआधी. क्षयाची गाठ आता गोळ्या-इंजेक्शनांनी बरी होऊ शकत होती. औषध नव्हतं तोवर ओळखण्याला फारसा अर्थ नव्हता. औषध आल्यावर न ओळखणं महाग पडू लागलं.

वऱ्हाडातल्या माणसाचं तेव्हा काय होत असेल? अमरावतीचं इर्विन, अकोल्याचं सरकारी रुग्णालय, तिथून चिठ्ठी घेऊन नागपूरचं मेडिकल, जे १९४७ साली सुरू झालं. तिथूनही पुढे जायचं तर बडनेऱ्याला किंवा अकोल्याला रात्रीची गाडी धरून मुंबई. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून होतं. आणि मुंबईत उतरल्यावर राहायचं कुठे, या प्रश्नाचं उत्तर अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात जन्मलेल्या एका माणसाने देऊन ठेवलं होतं. गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही टाटाच्या रुग्णांना आसरा देते. आमच्या भागातल्या कितीतरी कुटुंबांनी तिच्या ओसरीवर रिपोर्टाची वाट पाहिली आहे. वैद्यकाच्या इतिहासाच्या पुस्तकांत यंत्रं येतात, धर्मशाळा येत नाहीत. खरं तर रुग्ण यंत्रापर्यंत पोचतो तो अशाच कुणाच्या तरी पुण्याईने.

असो. १ ऑक्टोबर १९७१. लंडनजवळच्या विंबल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका स्त्रीच्या डोक्याचा पहिला सीटी स्कॅन झाला. यंत्र बनवणारा गॉडफ्रे हाउन्सफिल्ड हा ईएमआय या ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीतला इंजिनिअर. ज्या एच.एम.व्ही.च्या तबकड्यांवर तुम्ही-आम्ही भावगीतं ऐकली, त्या कंपनीची मालकीण हीच ईएमआय. बीटल्सच्या गाण्यांच्या पैशांतून सीटी स्कॅन झाला, असं लोक हौसेने सांगतात. गोष्ट गोड आहे, पण ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्याचा पैसा त्यात पुष्कळ होता, हे सांगितलेलं बरं. चित्र कसं होतं? ८० आडवे आणि ८० उभे चौकोन, बस. आजचा सर्वांत स्वस्त मोबाइलही त्याला हसेल. पण त्या ठोकळ्याठोकळ्यांच्या चित्रात डाव्या कपाळामागे एक काळसर गोल दिसत होता. शेजारी सरकला म्हणून अनुमान करण्याची गरज उरली नव्हती. गाठ स्वतः दिसत होती.

प्रत्यक्ष झालं म्हणायचं का? आमचं उत्तर, नाही. यंत्राने क्ष-किरण किती शोषले गेले त्याची हजारो मापं घेतली आणि गणिताने त्यांचं चित्र रचलं. पाण्याला शून्य, हवेला उणे हजार, हाडाला अधिक हजारच्या आसपास, असे आकडे दिले आणि आकड्यांना करडे रंग. आपण पाहतो ते अनुमानच. फक्त ते इतक्या वेगाने आणि इतक्या सुबक रीतीने केलेलं असतं की प्रत्यक्ष वाटावं. हाउन्सफिल्डला १९७९ मध्ये कॉरमॅकबरोबर नोबेल मिळालं.

आता गंमत पाहा. सीटी स्कॅन भारतात आला आणि गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला. १९८० च्या दशकात फिट येणाऱ्या रुग्णांच्या स्कॅनमध्ये एक बारीक ठिपका दिसू लागला, शिरेतून औषध दिल्यावर कडेने कंकणासारखा चमकणारा. सगळ्यांना वाटलं, क्षयाची गाठ. आपल्याकडे क्षय भरपूर, तेव्हा वाटणं साहजिकच. देशभर अशा माणसांना महिनोन्‌महिने क्षयाची औषधं दिली गेली. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला तर ठिपका गायब. झालं, औषध लागू पडलं! पण काही डॉक्टरांच्या लक्षात आलं, की औषध न दिलेल्यांचाही ठिपका गायब होतो आहे.

न्यायशास्त्रात याला सव्यभिचार हेतू म्हणतात. धूर असेल तर अग्नी असतोच, म्हणून धूर हा चांगला हेतू. पण ‘ज्ञेय आहे म्हणून अग्नी आहे’ म्हटलं तर? ज्ञेय तर तळंही आहे. जो हेतू साध्य असतानाही सापडतो आणि नसतानाही सापडतो, तो हेतू नव्हे, हेत्वाभास. चमकणारं कंकण हा असाच हेत्वाभास होता. क्षयाच्या गाठीत कंकण, पुवाच्या गळवात कंकण, जंताच्या गाठीत कंकण, आणि सगळ्यांत वाईट ग्लायोमा, ग्लायोब्लास्टोमा, त्यातही कंकण. ‘गाठ विरली म्हणून क्षय होता’ हाही तसाच हेतू, कारण जंताची गाठही विरते.

या कोड्याची उकल वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाली. मॅथ्यू चांडी, वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बारीक गाठी प्रत्यक्ष काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि दाखवलं, की त्यांत वारंवार सापडतो तो जंत. १९९३ मध्ये त्यांनी कसोट्या दिल्या. गाठ २० मिलिमीटरपेक्षा लहान, मध्यरेषा सरकलेली नाही, हातापायांतली ताकद उत्तरोत्तर जात नाही, तर जंताकडे झुकावं. मोठी, वेडीवाकडी, मध्यरेषा ढकलणारी असेल तर क्षयाकडे. मोजपट्टीएवढी साधी कसोटी, पण तिने किती माणसांची कवटी उघडण्यापासून वाचवली असेल!

इथे आमच्या भागातली एक अडचण सांगितली पाहिजे. डॉक्टर म्हणतात, हा डुकराच्या मांसातून येणाऱ्या जंताचा आजार. समोर बसलेला असतो गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूस. “काहून जी, आम्ही त कांदाबी खात नाही चातुर्मासात!” आणि तो उठून जातो, औषध न घेता. त्याचा राग बरोबर आहे आणि डॉक्टरचं निदानही बरोबर आहे. चुकतं आहे ते समजावणं. डुकराचं कच्चं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात जंत वाढतो. त्या माणसाच्या विष्ठेतून जंताची अंडी मातीत आणि पाण्यात जातात. ती अंडी नाल्याच्या पाण्यावर वाढलेल्या कोथिंबिरीतून, मुळ्यातून ज्याच्या पोटात जातील त्याच्या मेंदूत गाठ होते. मांस एकाने खाल्लं, गाठ दुसऱ्याला. उघड्यावर बसू नका म्हणून खराटा हातात घेऊन गावोगाव सांगणाऱ्या गाडगेबाबांच्या जिल्ह्यात तरी हे समजायला जड जाऊ नये.

आता एमआरआयकडे वळू. अणूच्या गाभ्याचं हे चुंबकीय अनुनादाचं तत्त्व १९४६ मध्ये ब्लॉक आणि पर्सेल यांनी स्वतंत्रपणे दाखवलं. पाण्यातल्या हायड्रोजनचा गाभा बारीक लोहचुंबकासारखा वागतो. मोठ्या चुंबकात ठेवून त्याला रेडिओलहरींचा टोला दिला की तो उलट साद देतो. १९७१ मध्ये डेमेडियनने उंदरांच्या गाठींतली साद निरोगी मांसापेक्षा वेगळी असते हे मांडलं, १९७३ मध्ये लॉटरबरने त्या सादेतून चित्र काढलं, मॅन्सफिल्डने ते वेगवान केलं. २००३ चं नोबेल शेवटच्या दोघांना मिळालं आणि डेमेडियनने वर्तमानपत्रांत पूर्ण पानाच्या जाहिराती देऊन निषेध केला. शास्त्रज्ञही आपल्यासारखेच.

पण या कथेत एक नाव मुंबईचं आहे आणि ते फारसं कोणी घेत नाही. १९५१ मध्ये स्टॅनफर्डमध्ये ब्लॉकच्या प्रयोगशाळेत आर्नल्ड, धर्मट्टी आणि पॅकर्ड या तिघांनी साध्या इथाइल अल्कोहोलमधल्या हायड्रोजनची साद ऐकली. एक सूर अपेक्षित होता, ऐकू आले तीन. कारण अल्कोहोलच्या रेणूत हायड्रोजन तीन वेगवेगळ्या शेजारात बसलेला असतो, आणि शेजार बदलला की सूर किंचित बदलतो. यातले एस. एस. धर्मट्टी पुढे होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि या विद्येची प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत उभी केली. मेंदूच्या गाठीत कोणती रसायनं आहेत हे सुई न लावता सांगणारी स्पेक्ट्रोस्कोपी याच तत्त्वावर चालते.

तिचं काम थोडक्यात असं. निरोगी चेतापेशींत एनएए नावाचं द्रव्य भरपूर असतं. त्याचा सूर मंदावला तर चेतापेशी मेल्या समजायचं. कोलीन पेशींच्या आवरणाशी निगडित. त्याचा सूर चढला तर पेशी भराभर वाढताहेत. एनएए पडलेलं आणि कोलीन चढलेलं, म्हणजे ग्लायोमाचा संशय. मेनिंजिओमात कधी कधी ॲलनिनचा सूर येतो. गळवात जंतूंनी तोडलेल्या प्रथिनांची अमिनो आम्लं. आणि क्षयाच्या गाठीत स्निग्ध पदार्थांचा मोठा सूर, कारण क्षयाच्या जंतूचं कवचच मेणचट असतं. लखनौच्या संजय गांधी संस्थेत राकेश कुमार गुप्ता आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ही क्षयाची खूण मांडली. हे काम भारतात होणं स्वाभाविक होतं. बॉस्टनच्या डॉक्टरला त्याची गरज कितीशी भासणार?

दुसरी युक्ती डिफ्यूजनची. पाण्याचे रेणू किती मोकळे फिरताहेत ते मोजायचं. पू घट्ट, त्यात पाणी अडकतं, चित्रात गळू लख्ख चमकतं. ग्लायोब्लास्टोमाच्या पोटातलं मेलेलं द्रव्य पातळ, ते सहसा तसं चमकत नाही. एवढ्या एका फरकाने रात्रीतून उपाय बदलतो, कारण गळू ताबडतोब उपसावं लागतं. तिसरी परफ्यूजनची, म्हणजे गाठीत रक्त किती खेळतंय ते पाहण्याची. ग्लायोब्लास्टोमा रक्तासाठी हपापलेला असतो, क्षयाची गाठ सहसा तशी नसते. आणि दुसरीकडून आलेला कॅन्सर व ग्लायोब्लास्टोमा यांत फरक करायचा तर गाठीपेक्षा गाठीभोवतालची सूज पाहावी. ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी सुजेत दूरवर पसरलेल्या असतात, आलेल्या कॅन्सरच्या भोवती बहुधा नुसतं पाणी असतं. पुन्हा शेजाऱ्यावरून ओळख! नॅफझिगरचा ठिपका आठवतो ना?

यांपैकी एकही खूण एकटी पुरत नाही. आणि इथे आम्हाला अमरावतीपासून जवळच असलेल्या रिद्धपूरची आठवण होते. चक्रधरस्वामींच्या वचनांवरून केशोबासांनी दृष्टांतपाठ सिद्ध केला. त्यात हत्तीचा दृष्टांत आहे. आंधळे हत्तीला चाचपतात, ज्याच्या हाती जो अवयव लागला तसा हत्ती त्याला वाटतो. एमआरआयचा प्रत्येक प्रकार हा असा एक आंधळा आहे, प्रामाणिक पण एकाच अवयवावर हात ठेवलेला. एक म्हणतो पाणी अडकलंय, दुसरा म्हणतो रक्त फार आहे, तिसरा म्हणतो चरबीचा सूर येतोय. हत्ती ओळखायचं काम रेडिओलॉजिस्टचं. चांगला रेडिओलॉजिस्ट आम्हाला त्या दृष्टांतातल्या डोळस माणसासारखा वाटतो, ज्याला कोणीच खोटं बोलत नाही हेही ठाऊक असतं.

आपल्याकडे ही सोय कशी आली? वैद्यकीय महाविद्यालयांच्या तारखा पाहा: सेवाग्राम १९६९, अमरावतीचं डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती महाविद्यालय १९८४, अकोल्याचं शासकीय २००२. एमआरआय केंद्रं आधी खाजगीत आली. पैशाचा प्रश्न काहीसा हलका झाला तो २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली तेव्हा. पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता, अकोल्याला पुढच्या टप्प्याची वाट पाहावी लागली. आज तिला महात्मा फुले यांचं नाव आहे. मेंदूच्या शस्त्रक्रियेचा खर्च त्यातून निघतो हे खरं, पण शस्त्रक्रियेची गरजच आहे का हे ठरवणारा स्कॅन पुष्कळदा योजनेच्या दारात पोचण्याआधीच करावा लागतो, खिशातून. आम्हाला ही रचना उफराटी वाटते. आणि दीड टेस्लाच्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट चुंबकात शिरण्यापूर्वी जोडवी, मंगळसूत्र, कंबरेचा चांदीचा करदोडा उतरवायला सांगतात तेव्हा खेड्यातल्या बाईच्या मनात काय येतं, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. मंगळसूत्र का काढायचं हे दोन वाक्यांत सांगितलं तर ती काढते. सांगत नाहीत, हुकूम सोडतात.

शेवटी दोन गोष्टी, ज्यांच्याबद्दल तुम्ही चिठ्ठ्या पाठवल्या आहेत.

पहिली चिठ्ठी, आता संगणकच निदान करेल का? २०१२ पासून ‘ब्रॅट्स’ नावाची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते, तीत संगणकांना गाठींची चित्रं शिकवतात. सुरुवातीची बरीच वर्षं ही चित्रं ग्लायोमांची होती. ज्याने क्षयाची गाठ पाहिलीच नाही तो तिला कंकणावरून ग्लायोमाच म्हणणार. एकच चित्र बॉस्टनमध्ये आणि बाळापुरात निरनिराळ्या शक्यता सांगतं, कारण दोन गावांत आजारच निरनिराळ्या प्रमाणात आहेत. व्याप्ती गावागणिक बदलते, हे नैयायिकांनी मान्य केलं नसतं, पण रेडिओलॉजीत ते मान्य करावंच लागतं.

दुसरी चिठ्ठी, एवढी यंत्रं असताना तुकडा काढून तपासायला का सांगतात? कारण मधल्या काळात यादीच बदलली. २००८-०९ मध्ये कळलं की ग्लायोमांच्या एका मोठ्या गटात आयडीएच नावाच्या जनुकात बदल असतो आणि अशा रुग्णांचं आयुष्य पुष्कळ जास्त असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ आणि २०२१ च्या वर्गीकरणांत गाठीचं नाव ठरवताना जनुक पाहणं आलं. सूक्ष्मदर्शकाखाली जुळ्या दिसणाऱ्या दोन गाठींची नावं आता वेगळी. चित्रकारांनी हार मानली नाही; या जनुकबदलाने पेशीत साचणाऱ्या एका द्रव्याचा सूर २०१२ मध्ये स्पेक्ट्रोस्कोपीने पकडला गेला, २०१७ मध्ये दोन प्रकारच्या चित्रांतल्या विसंगतीवरून हा गट ओळखण्याची खूण सापडली. पण या खुणा सगळ्यांत दिसत नाहीत, आणि मेंदूवर किरणोपचार सुरू करण्याआधी डॉक्टरला खात्री हवी असते. आणखी एक बारकावा: लिंफोमा नावाच्या गाठीचा संशय असेल तर तुकडा घेण्याआधी स्टिरॉइड टाळतात, कारण त्या औषधाने गाठ तात्पुरती विरते आणि तुकड्यात काहीच सापडत नाही. म्हणून सूज उतरवण्यासाठी गावातच दिलेल्या इंजेक्शनाची चिठ्ठी फेकू नका, मोठ्या डॉक्टरला दाखवा. आणि जुन्या फिल्म. त्या पिवळ्या लिफाफ्यातल्या, ट्रंकेत गुंडाळून ठेवलेल्या, कोपरे दुमडलेल्या. तीन महिन्यांपूर्वी गाठ केवढी होती हे कोणत्याही नव्या यंत्राला माहीत नसतं, ते त्या फिल्मलाच माहीत असतं. तपासलेल्या तुकड्याचा मेणात बसवलेला ठोकळाही मागून घ्या. तो रुग्णाचा असतो, काडेपेटीहून लहान असतो, आणि जनुकाच्या तपासणीसाठी मुंबईला जायचा असेल तर आता तो एकटाच जातो, कुरिअरने. रुग्ण घरी थांबला तरी चालतं.

उरलेल्या चिठ्ठ्या पुढच्या वेळी घेऊ.